अंदमानची कैदी वसाहत : शिक्षेची रचना आणि कैद्यांचे जीवन (१८५८ ते १९४५)

प्रस्तावना

मराठी वाचकाच्या मनात अंदमान म्हणजे सेल्युलर जेल आणि सेल्युलर जेल म्हणजे स्वातंत्र्यवीर सावरकर, असे समीकरण दृढ झालेले आहे. सावरकरांना ४ जुलै १९११ रोजी त्या तुरुंगात आणण्यात आले आणि पुढे ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथामुळे तेथील कोठड्या, कोलू आणि दंडाबेड्या मराठी घराघरांत पोहोचल्या. हे समीकरण चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये पूर्ण झाले. कैद्यांची पहिली तुकडी मात्र पोर्ट ब्लेअरच्या बंदरात १० मार्च १८५८ रोजी उतरली होती. म्हणजे जवळजवळ अर्धशतक अंदमानात हजारो कैदी होते आणि तो प्रसिद्ध तुरुंग नव्हता. यांतील बहुसंख्य कैदी राजकीय नव्हते. खून, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप झालेली ती सामान्य माणसे होती. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, त्यामुळे त्यांची स्मृतीही राहिली नाही. त्या काळात ‘काळे पाणी’ ही शिक्षा भिंतींशिवाय कशी चालत होती आणि नंतर भिंती उभारण्याची गरज सरकारला का भासली, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

अंदमानपूर्वीचे द्वीपांतर

कैद्यांना समुद्रापार पाठविण्याची पद्धत अंदमानात सुरू झाली नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ पासून सुमात्रा बेटावरील बेंकुलेन येथे हिंदी कैदी पाठविण्यास प्रारंभ केला. त्यानंतर पेनांग, मलाक्का, सिंगापूर, मॉरिशस, आराकान व तेनासरीम अशी या वसाहतींची साखळी तयार झाली. समुद्रोल्लंघनाने जात जाते ही समजूत राज्यकर्त्यांना चांगलीच ठाऊक होती. माणसाला केवळ दूर नेणे नव्हे, तर त्याला त्याच्या जातीतून व घरातून कायमचे उखडणे हा या शिक्षेचा हेतू होता. बंगाल व मद्रास इलाख्यांत अशा कैद्यांच्या कपाळावर गुन्ह्याची खूण गोंदवली जात असे. ‘गोदना’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १८४९ मध्ये कायद्याने बंद झाली.

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध सावरकरांच्या कितीतरी आधीचा आहे. मुंबई इलाख्यातून समुद्रापार जाणाऱ्या कैद्यांना ठाण्याच्या तुरुंगात ठेवून मग जहाजावर चढवले जात असे. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले आणि तेथील रस्ते व पूल त्यांच्या श्रमांवर उभे राहिले. १८३६ मध्ये मॉरिशसला आलेल्या चार्ल्स डार्विनला या कैद्यांचे रुबाबदार चेहरे व त्यांची शांत वागणूक पाहून आश्चर्य वाटले होते. वासुदेव बळवंत फडके यांना १८८० मध्ये अंदमानऐवजी एडनला नेण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

अंदमानच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धडा सिंगापूरचा होता. तेथे कैद्यांचे वर्ग पाडून, चांगल्या वर्तनाच्या कैद्यांनाच इतरांवर देखरेखीचे काम देण्यात आले. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांनी बांधले आहे. या व्यवस्थेचे प्रमुख राहिलेल्या मॅकनेअर या अधिकाऱ्याने १८९९ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याला ‘प्रिझनर्स देअर ओन वॉर्डर्स’ असे नाव दिले. कैदी हेच स्वतःचे पहारेकरी, असा त्याचा अर्थ. हे सूत्र स्वस्त होते, म्हणूनच ते टिकले.

१८५८ : पहिले तीन महिने

१८५७ च्या उठावाने हिंदुस्थानातील तुरुंगांची व्यवस्था कोलमडली. अनेक तुरुंग फोडले गेले, तर उरलेले कैद्यांनी भरून गेले. बंडात सापडलेले शिपाई आपल्याकडे नकोत, अशी भूमिका सिंगापूर-पेनांगच्या युरोपीय रहिवाशांनी घेतली. तेव्हा सरकारला अंदमानची आठवण झाली. तेथे १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअरने वसवलेली वसाहत रोगराईमुळे १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली होती. डॉ. मोएट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५७ च्या अखेरीस बेटांची पाहणी केली आणि जुन्याच बंदराची शिफारस केली. त्या बंदराला आता पोर्ट ब्लेअर हे नाव मिळाले.

आग्र्याच्या तुरुंगाचे अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैदी घेऊन तेथे पोहोचले. प्रथम चॅथम बेटावर आणि नंतर रॉस बेटावर जंगलतोड सुरू झाली. कैद्यांना राहायला छप्पर नव्हते, पाऊस तोंडावर आला होता आणि जंगलात अंदमानी आदिवासींचे बाण होते. पळून गेलेल्या कैद्यांची एक समजूत अशी होती की, हे बेट ब्रह्मदेशाला जमिनीने जोडलेले आहे आणि जंगल ओलांडले की एखाद्या राजाच्या आश्रयाला जाता येईल. प्रत्यक्षात जंगलापलीकडे पुन्हा समुद्रच होता.

या पहिल्या काळाचा सरकारी हिशेब उपलब्ध आहे आणि तो कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक बोलका आहे. जून १८५८ च्या मध्यापर्यंत ७७३ कैदी आले. त्यांपैकी ६४ रुग्णालयात मेले, १४० पळाले व परत सापडले नाहीत, एकाने आत्महत्या केली आणि ८७ जणांना पळून जाऊन पुन्हा पकडले गेल्याबद्दल फाशी देण्यात आले. उरले ४८१. तीन महिन्यांत तिघांमागे एकाहून अधिक माणूस नाहीसा झाला. जगातून जणू आधीच हद्दपार केलेल्या माणसांना पळाल्याबद्दल फाशी देणे कलकत्त्याच्या सरकारलाही पटले नाही आणि वॉकर यांना हा प्रकार थांबवण्यास सांगण्यात आले. मानवतेचा विचार त्यात असेलही. परंतु काम करणारे हातच संपत चालले होते, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

पळालेल्यांपैकी दूधनाथ तिवारी या शिपायाची हकीकत प्रसिद्ध आहे. एप्रिल १८५८ मध्ये तो रॉस बेटावरून पळाला, आदिवासींच्या हल्ल्यात जखमी झाला आणि नंतर त्यांच्यातच वर्षभर राहिला. तेथे त्याने संसारही मांडला. मे १८५९ मध्ये आदिवासी वसाहतीवर हल्ला करणार आहेत हे कळताच त्याने परत येऊन अधिकाऱ्यांना सावध केले. ॲबरडीन येथे झालेल्या त्या लढाईत धनुष्यबाणांचा टिकाव लागला नाही. या माहितीच्या मोबदल्यात तिवारीला माफी मिळाली. वसाहतीत सुटकेचा मार्ग कोणता, हे या एका उदाहरणाने सर्वांना समजले असावे.

पुढे या आदिवासींनाच पळालेले कैदी पकडून आणण्याच्या कामाला लावण्यात आले व त्याबद्दल बक्षिसे दिली जाऊ लागली. भिंत नसलेल्या तुरुंगाची भिंत म्हणून जंगल आणि जंगलातील माणूस यांचा उपयोग झाला. वसाहतीशी आलेल्या या संबंधाची किंमत आदिवासींनी उपदंश, गोवर यांसारख्या रोगांच्या रूपाने मोजली. काही हजार संख्येने असलेले ग्रेट अंदमानी १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले होते आणि १९६१ मध्ये अवघे १९. कैद्यांच्या शिक्षेचा विचार करताना, ज्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता अशा या लोकांचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

शिक्षेच्या पायऱ्या

सुरुवातीच्या गोंधळानंतर सिंगापूरचे सूत्र अंदमानात आले आणि कित्येक वर्षांच्या फेरफारांनंतर त्याला निश्चित रूप मिळाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जन्मठेपेच्या कैद्याचा प्रवास ठरलेला होता. पहिले सहा महिने एकांत कोठडी. त्यानंतर दीड वर्ष तुरुंगात इतरांबरोबर काम आणि रात्री पुन्हा कोठडी. पुढील तीन वर्षे तुरुंगाबाहेर टोळीत सक्तमजुरी, तीही मोबदल्याविना, आणि रात्री कुलूपबंद बराकीत मुक्काम. या पाच वर्षांत वर्तन नीट राहिले तर पुढची पाच वर्षे थोडी सुसह्य असत. हलके काम, किरकोळ भत्ता आणि इतर कैद्यांवर देखरेखीची एखादी जागा मिळू शके. दहा वर्षे पूर्ण झाली की कैद्याला ‘तिकीट’ मिळे.

तिकीट मिळालेल्या कैद्याला सरकारी भाषेत ‘सेल्फ सपोर्टर’ म्हणत. तो वस्तीतील गावात राही, जमीन कसे, गुरे पाळी, दुकान चालवी. त्याला लग्न करता येई किंवा घरच्यांना बोलावून घेता येई. आरंभी घरटे, अवजारे व धान्य यांची मदत मिळे. नंतर मात्र त्याच्याकडून सारा व कर वसूल होत. तरीही तो स्वतंत्र नव्हता. त्याला नागरी हक्क नव्हते, बेट सोडता येत नसे आणि रिकामे बसणे हाही अपराध होता. अशी वीस-पंचवीस वर्षे गेल्यावर सुटकेचा विचार होई.

या रचनेचे मर्म असे की, कैद्याजवळ नेहमीच गमावण्यासारखे काहीतरी ठेवले जाई. मुकादमकीची जागा, भत्त्याची पै, गावातली झोपडी यांपैकी काहीही एका तक्रारीने जाऊ शकत होते आणि माणूस पुन्हा बेड्यांच्या टोळीत येऊ शकत होता. बेड्या घातलेल्या माणसावर पहारा ठेवावा लागतो, आशा दाखवलेल्या माणसावर तो कमी लागतो. वॉर्डर, पेटी ऑफिसर, टंडेल, जमादार ही पदांची उतरंड पूर्णतः कैद्यांची होती. टंडेल हा शब्द कोकणच्या दर्यावर्दी मराठीत जहाजावरील खलाशांच्या मुकादमासाठी रूढ आहे. समुद्रावरून तो तुरुंगात आला, ही गोष्ट या वसाहतीच्या स्वरूपाशी सुसंगत म्हणावी लागेल. वरच्याचे काम म्हणजे खालच्याकडून काम काढणे आणि त्याची चुगली वर पोहोचवणे. राजकीय कैद्यांनी पुढे पठाण वॉर्डरांविषयी जी कडवट वर्णने केली, ती एखाद्या जमातीच्या स्वभावाची म्हणून वाचली जातात. त्यापेक्षा ती या व्यवस्थेची वर्णने म्हणून वाचणे अधिक न्याय्य ठरेल. ज्याची सुटका दुसऱ्याला राबवण्यावर अवलंबून आहे, तो कोणत्याही प्रांताचा असला तरी वेगळा वागण्याची शक्यता थोडी होती.

शिक्षेची दुसरी बाजू व्हायपर बेटावर होती. सेल्युलर जेलपूर्वी वसाहतीतील गुन्हेगारांना, म्हणजे पळणाऱ्यांना, काम नाकारणाऱ्यांना आणि मारामारी करणाऱ्यांना तेथील तुरुंगात बेड्यांच्या टोळीत ठेवत. फाशीचा खांबही तेथेच होता.

या पायऱ्यांवरून सर्वांत वर चढलेला माणूस म्हणून जाफर थानेसरी यांचे नाव घेता येईल. १८६४ च्या अंबाला खटल्यात त्यांना फाशीची शिक्षा झाली होती. फाशीचा आपल्याला आनंद वाटतो आहे असे दिसल्यामुळे सरकारने ती बदलून काळे पाणी दिले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. लाहोरहून कराची, तेथून मुंबई, काही दिवस ठाण्याचा तुरुंग आणि मग जहाज असा प्रवास करून ते जानेवारी १८६६ मध्ये पोर्ट ब्लेअरला पोहोचले. लिहिता-वाचता येत असल्याने त्यांना दगड फोडावे लागले नाहीत. ते कचेरीत कारकून झाले, अधिकाऱ्यांना उर्दू शिकवू लागले, स्वतः इंग्रजी शिकले, त्यांनी तेथेच विवाह केला आणि १८८३ मध्ये ते कुटुंबासह परतले. काळ्या पाण्यावरील त्यांचे उर्दू आत्मकथन वाचताना हा कैदी आहे की बदलीवर गेलेला सरकारी नोकर, असा प्रश्न पडावा. अक्षरओळख नसलेल्या कैद्याच्या वाट्याला यातील काहीच येत नव्हते. सर्वांसाठी एकच नियम असलेल्या या व्यवस्थेत शिक्षणाने केवढा फरक पडत होता, हे यावरून दिसते.

स्त्री कैदी आणि विवाह

वसाहत टिकवायची तर संसार हवेत, असे अधिकाऱ्यांचे मत होते. परंतु स्त्रियांची संख्या एकूण कैद्यांच्या दहा टक्क्यांहूनही कमी होती. पती किंवा अर्भक यांच्या हत्येसाठी शिक्षा झालेल्या स्त्रिया त्यांत बऱ्याच होत्या. अकाली वैधव्य, बालविवाह आणि अनैतिक ठरवलेले मातृत्व यांनी घेरलेल्या समाजाचे हे गुन्हे होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. स्त्री कैद्यांना साऊथ पॉइंट येथील स्वतंत्र तुरुंगात ठेवत. त्यांना पुरुषांपेक्षा लवकर, म्हणजे पाच वर्षांनी तिकीट मिळे. परंतु त्या तिकिटाचा व्यवहारातील अर्थ विवाह किंवा घरकामाची चाकरी असाच होता.

विवाहेच्छू पुरुष कैद्याची पात्रता तपासली जाई. मग ठरलेल्या दिवशी स्त्रियांना रांगेत उभे करून निवड होई आणि अधिकाऱ्यांच्या मंजुरीनंतर लग्न लागे. स्त्रीला नकार देता येत असे, असे नियम सांगतो. तथापि नकाराचा अर्थ पुन्हा तुरुंगातील वर्षे असा असल्यामुळे त्या स्वातंत्र्याचे मोल मर्यादितच राहते. पतिहत्येसाठी शिक्षा झालेल्या स्त्रीला सरकारने सुधारणेचा मार्ग म्हणून नवा पती द्यावा, यातील विसंगती त्या काळच्या कागदपत्रांत कोणाला जाणवल्याचे दिसत नाही. नवरा-बायकोला एकमेकांची मुदत संपेपर्यंत थांबून बरोबरच बेट सोडावे लागे.

या संसारांतून जन्मलेल्या मुलांना ‘लोकल बॉर्न’ म्हणत. त्यांचे आईवडील वेगवेगळ्या प्रांतांचे, जातींचे व भाषांचे असत, त्यामुळे घरात हिंदुस्थानी बोलली जाई. जात मोडण्याची शिक्षा म्हणून ज्यांना समुद्रापार पाठवले, त्यांच्या मुलांपुढे जातीचे बंधन बरेच सैल झाले होते.

शेर अली आणि व्यवस्थेचा आंधळेपणा

चांगल्या वर्तनाची नोंद ठेवणाऱ्या या यंत्रणेला माणसाच्या मनात काय आहे ते दिसत नव्हते. याचा प्रत्यय ८ फेब्रुवारी १८७२ रोजी आला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वसाहतीच्या पाहणीसाठी आले होते. माउंट हॅरिएटवरून खाली उतरून होपटाउनच्या धक्क्यावर बोटीकडे जात असताना संध्याकाळच्या अंधारात शेर अली या कैद्याने त्यांचा सुरीने खून केला. शेर अली पेशावर भागातला होता आणि पूर्वी पोलिसांच्या सेवेत होता. १८६७ मध्ये खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. वसाहतीत त्याचे वर्तन निर्दोष समजले जाई, म्हणूनच त्याला हजामतीचे काम आणि मोकळेपणाने फिरण्याची मुभा मिळाली होती. ११ मार्च १८७२ रोजी त्याला व्हायपर बेटावर फाशी देण्यात आले. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयचा पदावर असताना झालेला हा एकमेव खून आहे. तरीही पायऱ्यांची व्यवस्था मोडीत निघाली नाही. वसाहत चालवायची तर तिला दुसरा स्वस्त पर्याय नव्हता.

सेल्युलर जेल : भिंती कशासाठी?

या पार्श्वभूमीवर सेल्युलर जेलचा उगम समजून घ्यावा लागतो. तो क्रांतिकारकांसाठी बांधला गेला, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु त्याचा निर्णय झाला तेव्हा अंदमानात पाठवण्याजोगे क्रांतिकारक सरकारसमोर जवळजवळ नव्हते. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची तपासणी केली. हिंदुस्थानातील कैद्यांना काळ्या पाण्याची धास्ती राहिलेली नाही, उलट कित्येकांना देशातील तुरुंगापेक्षा अंदमान बरे वाटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जमीन, घर, बायको आणि शेवटी सुटका ही वसाहतीची प्रलोभने शिक्षेलाच खाऊन टाकत होती. म्हणून कैदी येताच त्याला आरंभी कडक एकांतवासातून जावे लागेल अशी पायरी जोडावी, अशी शिफारस त्यांनी केली. तिच्यासाठीच नवा तुरुंग हवा होता. वसाहतीचे अपयश नव्हे, तर तिचे यश या तुरुंगाला कारणीभूत झाले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात तीनमजली इमारती, त्यांत सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येक कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब व साडेसात फूट रुंद. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे असल्यामुळे एका कोठडीतून दुसरी दिसत नसे. हे सारे कैद्यांनीच बांधले. आत सोललेला काथ्या कुटणे, दोर वळणे आणि कोलू फिरवणे ही कामे होती. कोलूवर दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढावे लागे. हे प्रमाण बैलाला जड जावे असे होते. काम अपुरे पडल्यास आठवडाभर हातकड्या, खडी हातकडी, दंडाबेडी, आडवी बेडी, गोणपाटाचे कपडे, केवळ कांजीवर ठेवणे आणि अखेर फटके अशी चढती मालिका ठरलेली होती.

१९०९ पासून राजकीय कैदी येऊ लागले आणि सहा महिन्यांसाठी आखलेली ही जागा त्यांच्यासाठी वर्षानुवर्षांची झाली. सामान्य कैदी सहा महिन्यांनंतर पायऱ्या चढू लागे. राजकीय कैद्यांना त्या पायऱ्या बहुतांशी बंद ठेवण्यात आल्या. बाबाराव व विनायकराव हे सावरकर बंधू, बारींद्र घोष, उल्हासकर दत्त यांच्या यातनांचे स्वरूप या फरकात आहे. १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला आणि त्याच वर्षी उल्हासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला. एका तुरुंगात एकाच वेळी दोन शिक्षा चालू होत्या. त्यांपैकी एकीचीच नोंद साहित्यात झाली. सावरकरांच्या ग्रंथात सामान्य कैद्यांची चित्रे बरीच आहेत, हे मात्र नमूद केले पाहिजे. त्या दृष्टीने तो ग्रंथ अजून पुरेसा वाचला गेलेला नाही.

वसाहतीचा शेवट

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने अंदमानला कैदी पाठवणे बंद करण्याची शिफारस केली आणि १९२१ मध्ये सरकारने ती तत्त्वतः मान्य केली. पण त्याच वर्षी मलबारात मोपल्यांचे बंड झाले, तेथील तुरुंग भरले आणि मोपला कैदी अंदमानला रवाना झाले. १९२६ पासून संयुक्त प्रांतातील भांटू या ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीच्या लोकांना तेथे वसवण्यात आले. १९३२ मध्ये राजकीय कैदी पुन्हा आणले गेले. १९३३ च्या उपोषणात तिघांचा बळी गेला आणि १९३७ च्या उपोषणानंतर जानेवारी १९३८ पर्यंत सर्व राजकीय कैद्यांना मुख्य भूमीवर परत पाठवण्यात आले. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी बेटे घेतली. ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रज परतले तेव्हा त्यांनी कैदी वसाहत कायमची बंद केली. सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत.

भारतीय दंड संहितेतून ‘काळे पाणी’ १९५५ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९५६ पासून गेले आणि त्याच्या जागी आजन्म कारावास आला. मराठीत आपण त्यालाही जन्मठेपच म्हणतो. अंदमानात मात्र जुन्या व्यवस्थेचा एक शब्द प्रशासनात अजून वापरात आहे. १९४२ पूर्वीच्या ‘लोकल बॉर्न’ कुटुंबांचे वंशज, मोपला व भांटू यांच्याबरोबरच, तेथील इतर मागासवर्गीयांच्या यादीत याच नावाने नोंदले जातात.